तुळईवरचं पीठ

तुमच्या घरात पिठाचा डबा असेलच. त्याचा तुम्हाला आजवर एकदा तरी संशय आला आहे का?

मला कधी आला नव्हता. बाकी सगळ्यांचा यायचा. माझे बाबा पत्रकं काढायचे. शाळेत शिकवून घरी आले की मजकूर लिहायला बसायचे, आई प्रुफं तपासायची, आणि रविवारी ते धारच्या स्टँडवर, सोनकच्छच्या मंडीत, कुक्षीच्या बाजारात वाटत फिरायचे. बाजारासाठी हिंदीत आणि आमच्या गल्लीसाठी मराठीत. माझी शाळा हिंदी होती, त्यामुळे मराठी वाचायला मी शिकले ती उरलेल्या गठ्ठ्यांवर. विषय काहीही असो, पाणी, रेशन, नवसाचा बोकड, प्रत्येक पत्रकात एक प्रश्न हमखास असायचा: हे आपोआप झालं, की कुणी केलं? आणि उत्तर ठरलेलं असायचं. आपोआप काही होत नाही. कुणीतरी करतं, आणि करणारा पडद्यामागे असतो. या एका वाक्यावर मी वाढले.

आमच्या घराला लागून काकांची गिरणी आहे. देवासमध्ये सगळे तिला चक्की म्हणतात, गिरणी फक्त आमच्या घरात. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. गिरणी चालवणारा माणूस मात्र निसरपूरचा. त्याचं घर धरणाच्या पाण्यात गेलं त्या काळात बाबा तिथे पत्रकं घेऊन जायचे, आणि एकदा परतताना त्याला बरोबर घेऊन आले. त्याची बायको-मुली तिकडे निसरपूरच्या पुनर्वसन वसाहतीतच राहिल्या, तो गिरणीमागच्या खोलीत. सगळी गल्ली त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणते, मीही म्हणते. बाबा गेले तरी भिया राहिला. काकांना तो फार आवडायचा असं नाही, त्याने दळलेलं पीठ आवडायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे गिरणीची पूजा होते. आमचे पूर्वज दरबाराबरोबर इकडे आले म्हणतात. त्या काळातली एक तलवार घरात आहे, म्यानाला चिकटून बसलेली, निघत नाही. ती वर्षातून एकदा बाहेर येते आणि ज्यात दाणे ओततात त्या गिरणीच्या चाडीवर आडवी ठेवतात. त्याआधी झाडलोट. वर्षभराचं पीठ तुळईवर, भिंतीतल्या खाचांत, पत्र्याच्या पन्हाळीत साचलेलं असतं. ते खाली पाडायचं, गिरणी पुसायची, मग हळदकुंकू, झेंडूची माळ, आरती. भिया दर वर्षी लांब दांड्याच्या झाडूने हे काम करायचा. दुपारभर चालायचं आणि संपेपर्यंत तो पांढरा भूत व्हायचा. गल्लीतली पोरं ओरडायची, “भिया, आज तो बुढ़ापा आ गया.”

त्या वर्षी काकांनी शेजारच्या गॅरेजमधून ब्लोअर मागून आणला, गाड्यांची धूळ उडवायचा. दहा मिनिटांत तुळया स्वच्छ, असं त्यांचं म्हणणं. बाहेर ओट्यावर आई आणि मी नुकतीच रांगोळी काढली होती. काकांनी ती पाहिली आणि हाक मारली, “भिया, शटर गिरा दे. रंगोली पर आटा नहीं आना चाहिए. और खिड़की पर बोरी बाँध.” शटर पडलं, खिडकीला गोणपाट लागलं. ब्लोअरची घरघर मी स्वयंपाकघरात बसून ऐकत होते. मग ती थांबली. भिया मागच्या दाराने अंगणात आला आणि नळाखाली तोंड धुवायला वाकला. काका आमच्या घरातून आरतीचं ताट घेऊन निघाले, नीरांजन पेटलेलं, आणि मागच्याच दाराने गिरणीत शिरले.

आधी एक आवाज झाला, जाड पुस्तक जमिनीवर पडावं तसा. मी दाराशी पोचेपर्यंत काका अंगणात पालथे होते. त्यानंतर दुसरा आवाज. तो कानाने ऐकायचा आवाज नव्हता, तो छातीत बसला. गिरणीचे पत्रे वर गेले आणि शेजारच्या गच्चीवर पडले. भियाने काकांना बगलेत हात घालून ओढलं आणि बादलीतलं पाणी त्यांच्या हातांवर ओतलं. काकांच्या भुवया गेल्या होत्या. हातांची कातडी सोललेल्या बटाट्यासारखी दिसत होती. ते विचारत होते, “ताट कुठेय?”

काकांना दवाखान्यात नेलं आणि गल्ली कामाला लागली. कुणी म्हणालं सिलिंडर. गिरणीत सिलिंडर नव्हता. कुणी म्हणालं वायरिंग. मग कुणाला तरी आठवलं की भिया पूर्वी कुक्षीकडे विहिरी खोदायच्या कामावर होता, आणि विहिरी सुरुंग लावून खोदतात. संध्याकाळच्या आत सगळं जुळलं. धमाके दोन झाले, म्हणजे टोटे, सुरुंगाच्या कांड्या, दोन. मालक आत होता तेव्हा नोकर बरोबर बाहेर. पाण्याची बादली आधीपासून भरलेली. गॅरेजवाल्याने तर ओट्यावर उभं राहून सांगितलं, “भिया, मैं तो कब से बोल रहा था, उसकी आँख ठीक नहीं है.” ज्याला सांगत होता तोही भियाच. आमच्याकडे सगळेच एकमेकांचे भिया.

पोलिसांनी दोन गोष्टी नेल्या, भियाला आणि तलवारीला. हवालदाराने तलवार उपसायचा प्रयत्न केला, निघाली नाही. तरी त्याने विचारलं, “इसका लाइसेंस?” आई म्हणाली, “आधी काढून तर दाखवा.” तलवार दुसऱ्या दिवशी परत आली. भिया नाही आला. ठाणेदार मला म्हणाले, “घायल तो मालिक हैं. उनका बयान होने दो. वो जिसका नाम लेंगे, केस उसी पर बनेगा.”

म्हणजे सगळं काकांच्या एका वाक्यावर अडलं होतं. आणि काकांना मी ओळखत होते.

माझा संशय भियावर नव्हता. पण म्हणून मी शहाणी होते असं नाही, माझा संशय काकांवर होता. दिवाळी तोंडावर आली होती. काकांनी विकायला फटाके आणून गिरणीत दडवले असतील, आता गरीब माणसाच्या माथी मारतील, असं मी मनात पत्रकही जुळवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीत शिरले ती फटाक्यांचे कागद शोधायला. एक कपटा सापडला नाही. बारुदाचा वासही नव्हता. वास होता तो करपलेल्या पोळीचा. जमिनीला कुठे खड्डा नव्हता, फरशी शाबूत, गिरणी आपल्या जागी, झेंडूची माळ काळी होऊन चाडीला चिकटलेली. पण शटर बाहेरच्या बाजूला फुगलं होतं, तव्यावरच्या फुलक्यासारखं. टोटा एका जागी फुटतो आणि त्या जागेचं वाटोळं करतो. इथे खोलीभर हवाच फुटली होती. तुळयांवर तपकिरी पापुद्रा धरला होता. मी नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला. जळकं पीठ.

तरीही पीठ फुटतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. पिठावर कोण संशय घेणार.

पोलीस निसरपूरला भियाच्या घराची झडती घेणार असं कळलं, तेव्हा आईने मला तिकडे पाठवलं. इंदूर, धार, कुक्षी, बस बदलत गेले. वसाहतीत भियाच्या बायकोने मला खाटेवर बसवलं आणि स्वतः दारात उभी राहिली. झडती होऊन गेली होती. धान्याच्या कोठ्या उलट्या पडल्या होत्या. मी सांगितलं की भियाने काही केलेलं नाही, बहुतेक पिठामुळे झालं असावं.

ती म्हणाली, “बहुतेक?”

मी उठून एक कोठी सरळ केली.

“कुएँ में वो मलबा खींचता था. टोटे को हाथ लगाने वाला आदमी ठेकेदार का अलग होता है. ये पुलिस को भी बोला, हँसने लगे.” मग, आवाज न चढवता, “तुम्हारे पापा परचे में लिखते थे कि पानी अपने आप नहीं चढ़ा. मैंने वो परचा बरसों सँभाला. अब तुम लिखोगी कि आटा अपने आप फूट गया?”

परतीच्या बसमध्ये ते वाक्य माझ्या शेजारी बसून होतं. तिचं चूक नव्हतं. ‘अपघात’ हा शब्द कितीतरी लोकांना वाचवायला वापरलेला मी पाहिला आहे. पण मग इथे करणारा कोण?

धारच्या स्टँडवर बस थांबली. फटाक्यांचं दुकान मांडायचं काम चाललं होतं, बाप आणि लेक खोकी रचत होते. एका खोक्यात अनार, दुसऱ्यात सुतळी बॉम्ब. दोन्हींच्या पोटात जळणारी पूड. अनाराचं तोंड उघडं असतं, म्हणून ते कारंजं होतं. सुतळी बॉम्ब करकचून गुंडाळलेला, म्हणून तो फुटतो. मी ती खोकी बघत उभी राहिले आणि मला शटर आठवलं. मग गोणपाट लावलेली खिडकी. मग ब्लोअर.

गोष्ट साधी आहे, आणि तीच शाळेत मला कुणी अशी सांगितली नव्हती. आग म्हणजे जळणारी वस्तू आणि हवेतला प्राणवायू यांची गाठ पडणं. ती गाठ पडायला सुरुवातीला थोडी धग लागते, पुढची धग ती स्वतः तयार करते. लाकडाचा ओंडका सावकाश जळतो, कारण हवा फक्त त्याच्या बाहेरच्या अंगाला लागते. त्याच ओंडक्याच्या ढलप्या काढा, भडकतात. आणखी बारीक करा, इतकं बारीक की प्रत्येक कण हवेत सुटा तरंगेल, तर प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा, आणि एका कणाची धग शेजारच्याला पेटवायला डोळ्याची पापणी लवायच्या आत पोचते. गव्हाचं पोतं पेटवायला जीव काढावा लागेल. तोच गहू दळून हवेत उडवला की एक नीरांजन पुरतं. सगळं एकदम जळतं, आतली हवा तापते, तापलेली हवा जागा मागते. दार उघडं असेल तर नुसता जाळ होऊन बाहेर पडते. कोंडलेली असेल तर भिंत, शटर, पत्रा, जे कमजोर असेल ते फोडून निघते. स्फोट म्हणजे दुसरं काही नाही. घाईत असलेली आग आणि तिला न सापडलेलं दार.

आणि दोन धमाके? ज्यांच्यावरून गल्लीने दोन टोटे मोजले ते? पहिल्या भडक्याने हवेत तरंगणारं पीठ जळलं आणि खोली हादरली. हादरल्याबरोबर ब्लोअर पोचला नव्हता तिथलं, पत्र्याच्या मागचं, पन्हाळीतलं, सगळं साचलेलं पीठ एकदम खाली आलं. त्याला आग तयारच होती. म्हणून दुसरा आवाज मोठा. मागचं एक अरुंद दार एवढ्या जाळाला पुरलं नाही, पण पहिल्या धक्क्यानेच काका त्यातून बाहेर फेकले गेले, म्हणून ते वाचले.

घरी येऊन मी बसल्या बैठकीला लिहून काढलं. मथळा दिला: ‘देवाच्या दिव्याने उडवली गिरणी’. आईने वाचलं, सावकाश चष्मा काढला आणि कागद पोळ्यांच्या डब्याखाली सारला.

“मथळा झकास आहे,” ती म्हणाली. “हा वाचून तुझा काका ठाण्यात जाईल आणि दिव्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून भियाचं घेईल.”

“पण दिवाच होता ना?”

“बिडी असती तरी झालं असतं. बटणाची ठिणगी असती तरी. दिवा तो दर वर्षी लावतो. तुला माणूस सोडवायचाय की देवाला पकडायचंय?”

मला तेव्हा दोन्ही करायचं होतं. आजही करायचं आहे. पण भिया ठाण्यात होता आणि देव नव्हता.

काका घरी आले ते दोन्ही हातांना बँडेज बांधून. काकूला जाऊन वर्षं झाली, त्यामुळे जेवायला आमच्याकडेच. आई त्यांना घास भरवत होती आणि मधून मधून उठून फुलके करत होती. बयान दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं.

“त्याच्याशिवाय होतं कोण, वहिनी,” काका म्हणाले. “दादाने आणला, दादा तर भोळाच होता.”

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

“भावजी, तुम्ही दर वर्षी दिवा लावता. कधी झालं का?”

“तेच तर म्हणतो मी. दिव्याने का गिरणी उडते? रोज सकाळी उदबत्ती लावतो तिथे.”

“मग यंदा वेगळं काय होतं?”

काका उत्तर देणार एवढ्यात आईने तव्यावरचा फुलका उचलून जाळावर धरला, आणि धरण्याआधी त्याला चिकटलेली पिठी तिथेच झटकली. शेगडीवर क्षणभर बारीक तारे चमकले, तडतडले, विझले. हे मी लहानपणापासून पाहत आले होते. काकांनीही पाहिलं असणार, पण ते पोळी ताटात आल्यावर बघणाऱ्यांपैकी.

“पुन्हा करा,” ते म्हणाले.

आईने दुसरा फुलका झटकला. पुन्हा तारे.

“चिमूटभर आहे,” आई म्हणाली. “आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे.”

काका शेगडीकडे बघत राहिले. मग ते म्हणाले, “ब्लोअर मी आणला.”

आईने शेगडी बारीक केली.

“झाडूने पीठ खाली पडायचं. ह्याने सगळं वरच राहिलं, धुकं झालं होतं. मी शिरलो तेव्हा ताटसुद्धा नीट दिसेना. मला वाटलं धूप आहे.” मग अगदी हळू, “शटर मीच पाडायला लावलं. तुमच्या रांगोळीसाठी, वहिनी.”

“रांगोळी मला पुन्हा काढता येते,” आई म्हणाली.

“पण दिव्याचं नाव मी नाही घेणार.”

“नका घेऊ. शटरचं घ्या.”

ठाण्यात मी त्यांच्याबरोबर गेले. ठाणेदार ऐकून हसले. “आटे से? फिर तो काकाजी, हमारी घरवाली रोज़ बम बेल रही है.” काका हसले नाहीत. ते खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी बयान दिलं, त्यांच्या त्या दरबारी हिंदीत, एकेक वाक्य तोलून: ब्लोअर मैंने मँगवाया. शटर मैंने गिरवाया. खिड़की मैंने बँधवाई. आग लेकर अंदर मैं गया. ‘आग’ म्हणाले, दिवा नाही. मी टोकलं नाही. अंगठा उठत नव्हता, सही जमत नव्हती, तेव्हा त्यांनी पेन बँडेजमध्ये खोचून घेतलं आणि एक वाकडी रेघ ओढली. मग वर बघून म्हणाले, “और वो आदमी नल पर मुँह धो रहा था. मैंने देखा है.”

भिया संध्याकाळी सुटला. तपास चालू आहे असं ठाण्यात आजही सांगतात. गल्लीतली काही घरं अजून दळण दुसरीकडे नेतात, आणि गॅरेजवाला त्याच्याशी बोलताना त्याच्या हातांकडे बघतो. एकदा संशय उडाला की तोही तुळईवर जाऊन बसतो. भिया तो आठवडा निसरपूरला जाऊन राहिला आणि परत आला. त्याच्या बायकोला मी निरोप पाठवला होता की नाही, आपोआप नाही झालं. शटर कुणी पाडलं तेही कळवलं. तिने उलट निरोप पाठवला, मालकाला विचार, आता नवीन शटर बसवणार का.

काकांनी शटर बसवलं नाही. जाळीचं दार बसवलं. यंदा खंडेनवमीला भियाने तुळया ओल्या फडक्याने पुसल्या, दार-खिडक्या सताड उघड्या होत्या, आणि रांगोळीवर थोडा चिखल पडला. काकांनी नीरांजन सगळं झाल्यावर आणलं. उंबऱ्यावर थांबून त्यांनी आधी वर बघितलं. मी आरतीला उभी राहिले नाही. माझं आणि काकांचं ते भांडण अजून बाकी आहे.

आता तुम्हाला एक काम सांगते. पुढच्या वेळी दळण घेऊन जाल तेव्हा मान वर करा आणि तुळई बघा. तिच्यावर पीठ साचलेलं दिसलं तर तिथेच सांगा, ओल्या फडक्याने पुसा, फुंकून उडवू नका, पुसताना दार उघडं ठेवा, आणि तोवर काडीही ओढू नका. गिरणीवाल्याला मराठी वाचता येत नसेल तर हे त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवा. हे आवाज व्हायच्या आधी करा. नंतर लोक पीठ शोधत नाहीत, माणूस शोधतात.